धोरणाचा मसुदा स्त्रीवादी नजरेनं कसा लिहायचा: टप्पे, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मसुदे तपासताना मला एकच चूक एकाच जागी पुन्हा पुन्हा सापडते. उद्दिष्टं ठरतात, पैशांची वाटणी होते, आणि मग कुणाला तरी आठवतं की यात बायकांचं काहीच आलेलं नाही. मग शेवटून दुसऱ्या पानावर एक परिच्छेद येतो: ‘महिला व इतर दुर्बल घटकांसाठी विशेष उपाययोजना करण्यात येतील.’ कुणी, केव्हा, कोणत्या पैशातून, हे त्यात नसल्यामुळे तो परिच्छेद अमलात येत नाही. आधीची सगळी पानं मात्र अशा माणसाला समोर ठेवून लिहिलेली असतात, ज्याच्या घरचा स्वयंपाक, मुलं आणि आजारपणं दुसरं कुणीतरी बघतं.

लिहिणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगला असतो, घोळ क्रमात होतो. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. मसुदा लिहिणारे अधिकारी, समितीचे सदस्य आणि हरकती-सूचना पाठवणाऱ्या संघटना, सगळ्यांना तो वापरता यावा. एक उदाहरण मी शेवटपर्यंत धरून ठेवते: एका शहराचं बससेवेचं धोरण. त्याचा बायकांशी वरवर काही खास संबंध दिसत नाही, म्हणूनच ते निवडलं आहे.

तयारी: लिहायला बसण्याआधी

पहिली गोष्ट, निर्णयांचं वेळापत्रक मिळवा. समस्येची मांडणी कोणत्या बैठकीत पक्की होते, खर्चाचा प्रस्ताव केव्हा जातो, मसुदा हरकतींसाठी केव्हा खुला होतो, या तीन तारखा लिहून ठेवा. तुमचं काम पहिल्या तारखेच्या आधी सुरू व्हायला हवं. मसुदा आधीच प्रसिद्ध झाला असेल, तर समस्येच्या मांडणीवर वाद घालून फारसं हाती लागत नाही. तेव्हा आपली ताकद आकडे, पैसा आणि अंमलबजावणी (टप्पे ३, ७ आणि ८) यांवर लावा.

दुसरी, कागद. जुनं धोरण, त्याचा झालेला खर्च आणि तक्रारींची नोंदवही. तक्रारवही कुणी मागत नाही, पण ‘दुपारी बस येत नाही’, ‘थांब्यावर दिवा नाही’ अशा नोंदींतून जे कळतं ते सल्लागाराच्या अहवालात सहसा नसतं.

तिसरी, माणूस. या कामाची जबाबदारी अनेकदा एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे दिली जाते आणि त्या व्यक्तीला खर्चाच्या बैठकीचं बोलावणंही नसतं. ज्या खोलीत रकमा ठरतात तिथे बसण्याचा अधिकार असलेलं पद यासाठी नेमा.

चौथी, लोकांशी बोलण्याचा खर्च. येण्या-जाण्याचं भाडं, बुडालेल्या रोजाची भरपाई, मुलं सांभाळायची सोय, दुभाषी. ही तरतूद आधी केली नाही, तर ज्यांना यायला परवडतं तेवढेच येतात.

तपासा: तीन तारखा, एक जबाबदार पद आणि सल्लामसलतीचा खर्च कागदावर आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा १: समस्येचं वाक्य उलगडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचे सगळे निर्णय याच एका वाक्यातून निघतात, आणि मी पाहिलेल्या बैठकांत हेच वाक्य पाच मिनिटांत मंजूर होतं.

ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासक कॅरल बॅकी यांनी यासाठी एक साधी पद्धत दिली आहे. सुचवलेल्या उपायापासून मागे जायचं आणि विचारायचं, हा उपाय सुचवणाऱ्यानं समस्या काय आहे असं गृहीत धरलंय? त्यामागे कोणत्या समजुती आहेत? या मांडणीत कशाबद्दल काहीच बोललं गेलेलं नाही?

आपल्या उदाहरणात मसुदा म्हणतो: ‘गर्दीच्या वेळी कामावर जाणाऱ्यांचा प्रवासाचा वेळ कमी करणे.’ वाक्य निरुपद्रवी वाटतं. आता त्यातला एकेक शब्द धरा. ‘काम’ म्हणजे फक्त पगाराचं काम. ‘गर्दीची वेळ’ म्हणजे कार्यालयं भरण्या-सुटण्याची वेळ. प्रवास म्हणजे घर ते कार्यालय, एक सरळ रेष. जी बाई मुलाला शाळेत सोडते, तिथून सासूला दवाखान्यात नेते, मग अर्धवेळ कामावर जाते आणि परतताना बाजार करते, तिचा दिवस या वाक्यात कुठेच बसत नाही. तिचे प्रवास छोटे, तुटक, अनेक थांब्यांचे असतात आणि बहुतेक दुपारचे.

स्पेनमधल्या नगररचनातज्ज्ञ इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी दाखवलं की प्रवासाच्या सर्वेक्षणांत अशा फेऱ्या ‘खरेदी’, ‘वैयक्तिक’, ‘सोबत’, ‘इतर’ अशा रकान्यांत विखुरल्या जातात. ‘सांभाळासाठीचा प्रवास’ या एका नावाखाली त्या एकत्र मोजल्या, की त्यांचा आकडा एकदम मोठा दिसतो आणि नोकरीसाठीच्या प्रवासाशी तुलना करण्याजोगा ठरतो. प्रवास तेवढेच असतात, फक्त रकाने बदललेले असतात.

मग वाक्य असं होतं: ‘कमाईच्या आणि सांभाळाच्या अशा दोन्ही कामांसाठी लागणारा प्रवास दिवसभर शक्य, सुरक्षित आणि परवडणारा करणे.’ लगेच वेगळे प्रश्न उभे राहतात. दुपारी बस किती वेळानं येते? एका तिकिटावर ठरावीक वेळात बस बदलता येते का? बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची घेऊन चढता येतं का?

नेहमीची चूक: समस्या बाईमध्येच आहे असं लिहिणं. ‘महिलांमध्ये जागरूकतेचा अभाव’, ‘महिला सेवेचा लाभ घेत नाहीत’ ही वाक्यं जवळजवळ प्रत्येक मसुद्यात असतात. त्यांना एक कसोटी लावा: या वाक्यानुसार बदलायचं कुणी आहे? उत्तर फक्त ‘बाईनं’ असं येत असेल, तर वाक्य उलटं करून लिहा. ‘महिला बस वापरत नाहीत’ याच्या जागी ‘महिलांना लागते त्या वेळी बस नसते’.

टप्पा २: ‘कुटुंब’ शब्द दिसला की थांबा

मसुद्यात ‘कुटुंब’, ‘घरटी’, ‘कुटुंबप्रमुख’ हे शब्द जिथे आहेत तिथे खूण करा. धोरण कुटुंबाला एक माणूस समजतं, पण घरात पैसा, फोन, घराची कागदपत्रं आणि निर्णय सगळ्यांकडे सारखे नसतात. ब्रिटनमध्ये २०१३ पासून लागू झालेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ योजनेत जोडप्याची एकत्र रक्कम साधारणपणे एकाच खात्यात जाते. जोडीदार पैशावर ताबा ठेवून छळ करत असेल, तर ही रचना त्याच्या हातात आणखी एक साधन देते, असा आक्षेप तिथल्या स्त्री-संघटनांनी सातत्यानं घेतला. रक्कम विभागून मागता येते, पण ती मागणारी बाई त्याच घरात राहत असते.

खूण केलेल्या प्रत्येक जागी ‘कुटुंब’ खोडून पाळीपाळीनं एकेक व्यक्ती लिहा: सून, विधवा सासू, एकटी आई, अविवाहित मुलगी, घरातून बाहेर पडलेली पारलिंगी व्यक्ती. ज्या व्यक्तीपाशी वाक्य अडतं, तिथे नियमाला दुरुस्ती लागते.

टप्पा ३: आकडे फोडा, मग एकमेकांवर ठेवा

‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ असे दोन रकाने केले की काम झालं, अशी समजूत आहे. तेवढ्यानं काय निसटतं, हे अमेरिकेतल्या १९७६ च्या एका न्यायालयीन निकालात दिसतं. जनरल मोटर्समधून कमी केलेल्या पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला होता. कंपनीनं १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं आणि कपात करताना नियम लावला सेवाज्येष्ठतेचा. न्यायालयानं पाहिलं की कंपनीत स्त्रिया आहेत (त्या गोऱ्या होत्या), म्हणून लिंगभेद नाही, आणि वंश व लिंग ही दोन्ही कारणं जोडून नवीन तक्रार करता येणार नाही. किम्बर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये याच निकालाचा आधार घेऊन आंतरछेदितेची संकल्पना मांडली: दोन रस्ते छेदतात तिथे उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीकडून धडक बसते, आणि एकेका रस्त्याची वेगवेगळी मोजणी करणाऱ्याला ते दिसत नाही.

म्हणजे प्रत्येक आकडा दहा प्रकारे फोडायचा असं नाही. तसं केलं तर तक्ते वाढतात आणि निर्णय होत नाही. जिथे उत्तर बदललं तर धोरण बदलेल असे तीन छेद निवडा. बसच्या बाबतीत मी हे घेईन: लिंगभाव आणि उत्पन्न, लिंगभाव आणि अपंगत्व, लिंगभाव आणि राहण्याचं ठिकाण. जात, वंश, स्थलांतर यांवरून जिथे वस्त्याच वेगळ्या पडतात, तिथे ठिकाणाच्या छेदात तेही घ्यावंच लागेल.

उत्तर कुणी दिलं, हेही विचारा. घरातल्या पुरुषानं सगळ्यांच्या वतीनं फॉर्म भरला असेल, तर बाईच्या फेऱ्यांबद्दलचा तो अंदाज आहे. तिची स्वतःची माहिती म्हणून तो धरू नका.

सावधान: रकाने फार बारीक केले आणि एखाद्या चौकटीत दोन-तीनच माणसं उरली, तर ती ओळखू येतात. अशा चौकटी प्रसिद्ध करू नका. हिंसाचाराबद्दल विचारायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची तत्त्वं पाळा: पूर्ण एकांत, एका घरातून एकाच बाईची मुलाखत, प्रशिक्षित विचारणारी आणि मदतीचा पत्ता तयार. यातलं एक जरी नसेल तरी तो प्रश्न गाळा. आकड्यापेक्षा तिची सुरक्षितता आधी.

आकडे नसतीलच तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहून पुढे सरकू नका. कोण, कोणत्या तारखेपर्यंत गोळा करणार, हे मसुद्यातच नोंदवा.

टप्पा ४: वेळेचा हिशेब मांडा

पैशाचा हिशेब सगळे मांडतात, वेळेचा जवळपास कुणीच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात दररोज १,६४० कोटी तास बिनपगारी सांभाळाच्या कामात जातात आणि त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त स्त्रियांचे असतात. तुमचं धोरण या तासांत भर घालतं की घट करतं, हे कलमागणिक पाहा.

चांगल्या योजनाही इथे घसरतात. मेक्सिकोनं १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोग्रेसा’ योजनेत पैसे थेट आईच्या हातात दिले गेले. मुलं शाळेत जाऊ लागली, तपासण्या वाढल्या. पण अटी पूर्ण करण्याची कामं, म्हणजे दवाखान्याच्या फेऱ्या आणि आरोग्यविषयक बैठका, आयांवरच पडली. वडिलांकडे कसलीच मागणी नव्हती. लाभ मोजला गेला, आईचे तास कुणी जमेस धरले नाहीत, ही टीका स्त्रीवादी अभ्यासकांनी केली आणि मला ती पटते.

कृती सोपी आहे. प्रत्येक तरतुदीसमोर लिहा: हे मिळवायला किती फेऱ्या, किती कागद, रांगेत किती वेळ, आणि हे सगळं घरातलं कोण करेल? बसच्या सवलतीच्या पाससाठी तीन दाखले आणि कामाच्या वेळेत दोन चकरा लागत असतील, तर रोजंदारीवरच्या बाईची दोन दिवसांची कमाई बुडाली. तिच्यासाठी ती सवलत महागात पडली.

मग अर्थतज्ज्ञ डायेन एल्सन यांचे तीन प्रश्न विचारा. हे काम धोरणात मान्य केलंय का? त्याचा भार कमी केलाय का? तो पुन्हा वाटलाय का, म्हणजे बाईकडून पुरुषाकडे किंवा घराकडून सार्वजनिक सेवेकडे? बहुतेक मसुदे पहिल्या प्रश्नावर थांबतात.

टप्पा ५: लोकांशी बोला, पर्याय ठरण्याआधी

पर्याय छापून झाल्यावर घेतलेली बैठक म्हणजे फक्त माहिती देणं. तिला सल्लामसलत म्हणू नका.

‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं की लोक मिळण्यासारखं तेवढंच मागतात. त्यापेक्षा विचारा: ‘काल उठल्यापासून कुठे कुठे गेलात? कुठे थांबावं लागलं? कुठे जायचं टाळलं?’ टाळलेल्या फेऱ्या कोणत्याही तिकीटयंत्रात दिसत नाहीत. बसच्या धोरणात मला सगळ्यात उपयोगी माहिती याच एका प्रश्नातून मिळालेली आहे.

न बोलता पाहण्याचाही उपयोग होतो. व्हिएन्नात नगररचनाकारांच्या लक्षात आलं, की वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली सार्वजनिक बागांमध्ये दिसेनाशा होतात, कारण मोकळ्या मैदानाचा ताबा मुलगे घेतात. १९९९ मध्ये आइनझीडलर पार्कसह दोन बागांची रचना बदलली. पायवाटा वाढवल्या, मोठं मैदान छोट्या भागांत विभागलं. मुली परत आल्या, आणि मुलग्यांना हाकलावं लागलं नाही.

नेहमीची चूक: प्रत्येक समितीवर त्याच ओळखीच्या दोघी-तिघी. त्यांचं मत घ्याच, पण सफाई कर्मचारी, रात्रपाळीची परिचारिका, घरकामगार यांच्या जागी ते धरू नका. बैठकीनंतर कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली आणि का, हे लेखी परत पाठवा. हे केलं नाही तर पुढच्या वेळी कुणी येत नाही, आणि त्यांचं बरोबर असतं.

टप्पा ६: पर्याय पारखा

‘नियम सगळ्यांना सारखा’ या वाक्यापाशी विशेष जपा. अमेरिकेतल्या विद्यापीठांत मूल झाल्यावर कायमस्वरूपी नेमणुकीसाठी पात्रता सिद्ध करण्याची मुदत एक वर्षानं वाढवण्याची सवलत आई-वडील दोघांनाही दिली गेली. अर्थशास्त्र विभागांबद्दलचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की या सवलतीनंतर पुरुषांची कायम होण्याची शक्यता वाढली आणि स्त्रियांची घटली. वाढीव वर्ष पुरुषांनी संशोधनाला वापरलं, स्त्रियांचं बाळंतपण आणि बाळ सांभाळण्यात गेलं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

नॉर्वेनं १९९३ मध्ये वेगळी रचना केली. पालकत्वाच्या रजेतले चार आठवडे वडिलांसाठी राखून ठेवले, त्यांनी घेतले नाहीत तर ते वाया. आधी रजा घेणारे वडील अगदी थोडे होते, काही वर्षांत बहुतेक वडील ती घेऊ लागले. ‘दोघांपैकी कुणीही घ्या’ म्हटलं की ती आईच घेते, हे गृहीत धरूनच हा नियम आखलेला होता.

प्रत्येक पर्यायाला दोन प्रश्न विचारा: आजचा त्रास कमी होतो का? आणि त्रास ज्यातून येतो ती वाटणी बदलते का? मॅक्सिन मॉलिन्यू यांनी १९८५ मध्ये व्यावहारिक आणि सामरिक हितसंबंध असा भेद केला, त्याचा रोजच्या कामातला उपयोग हाच. बसमध्ये राखीव आसनं पहिल्या प्रश्नाला उत्तर देतात. स्त्रिया चालक म्हणून असणं आणि वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीत मतदानाच्या हक्कासह असणं, हे दुसऱ्याला. मसुद्यात दोन्ही लागतात.

स्वस्त पर्याय आधी शोधा. मॉन्ट्रियलमध्ये १९९६ पासून रात्री एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळ, उतरता येऊ लागलं. नवी बस लागली नाही, चालकाला सूचना पुरली.

टप्पा ७: पैशाच्या रकान्यांत शिरा

महिलांसाठीच्या योजनांची बेरीज म्हणजे लिंगभावाधारित अर्थसंकल्प, हा समज सर्वत्र आहे. भारताच्या केंद्रीय अर्थसंकल्पासोबत २००५-०६ पासून असं विवरण येतं. ‘अ’ भागात शंभर टक्के स्त्रियांसाठीच्या योजना, ‘ब’ भागात किमान तीस टक्के वाटा स्त्रियांसाठी असलेल्या, आणि त्याहून कमी वाट्याच्या योजनांसाठी नंतर जोडलेला ‘क’ भाग. कुठे किती पैसे दाखवले ते विवरणातून कळतं. पैशाचा परिणाम काय झाला, हे पाहणं ही त्यापुढची पायरी आहे आणि ती वेगळी करावी लागते.

खरी रक्कम उरलेल्या भागात असते. बसच्या धोरणात ‘महिला सुरक्षा’ या नावाखालची तरतूद बारीकशी असेल, आणि उड्डाणपुलाचा खर्च तिच्या कितीतरी पट. म्हणून उड्डाणपूल कोण वापरतं, हा स्त्रीवादी प्रश्न आहे. खर्चकपातीचंही तसंच. फेरी बंद केली तर हिशेबात बचत दिसते, पण ते अंतर कुणीतरी चालतं, किंवा कामच सोडतं.

तपासा: प्रत्येक तरतुदीला लेखाशीर्ष, रक्कम आणि खर्च करणारं पद आहे का? मागच्या वर्षी मंजूर किती झाले आणि प्रत्यक्ष खर्च किती झाले? दुसरा आकडा मागताना संकोच करू नका.

टप्पा ८: अंमलबजावणीचा क्रम आणि साधनं

स्वीडनमधल्या कार्ल्सकोगा शहरात बर्फ काढताना आधी मोठे रस्ते आणि शेवटी पायवाटा असा क्रम होता. गाड्या जास्त पुरुष चालवत, पायी आणि सायकलनं जास्त स्त्रिया जात, आणि घसरून जखमी होणाऱ्यांत पायी चालणारे जास्त. क्रम उलटा केला: आधी पाळणाघरांभोवतीचे रस्ते, पायवाटा, सायकलमार्ग. स्टॉकहोमनंही अशी पद्धत घेतली. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे विक्रमी बर्फ पडला, शहर अडकलं आणि टीकेचा रोख थेट समानतेच्या धोरणावर गेला. नव्या क्रमाला पुरेशी यंत्रं आणि माणसं आहेत का, हे आधी पाहिलं नाही तर पहिल्याच कठीण दिवशी दोष तत्त्वावर येतो.

म्हणून एका मार्गावर आधी करून पाहा, चालक-वाहकांना कारणासह समजावून सांगा, आणि वाईटात वाईट दिवसाची तयारी मसुद्याला जोडा. तक्रार घेणारी व्यक्ती आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती एकाच साखळीत नको. फोन नसलेल्या, वाचता न येणाऱ्या बाईला तक्रार कशी करता येईल, हे एका वाक्यात लिहून दाखवा. लिहिता आलं नाही, तर ती सोय अजून झालेली नाही.

टप्पा ९: मोजणी

‘वाटलेले पास’ हा निर्देशक नको, तो विभागाचं काम मोजतो. दुपारी बसची वाट पाहण्यात गेलेली मिनिटं, रात्री टाळलेल्या फेऱ्या, नाकारलेले अर्ज आणि त्यांची कारणं मोजा. पहिलं मोजमाप धोरण लागू होण्याच्या आधीच घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

एक निर्देशक नुकसानीचाही ठेवा. नव्या सोयीमुळे कुणाचा छळ वाढला, कुणाचं काम वाढलं, कोणता थांबा कुणासाठी बंद पडला?

शेवटी मसुद्यात दोन ओळी घाला. आकडे कोणत्या महिन्यात पाहिले जातील, आणि ते बिघडलेले दिसले तर नव्या मंजुरीची वाट न पाहता वेळापत्रक बदलण्याचा अधिकार कोणत्या पदाला असेल. पदाचं नाव लिहा, ‘संबंधित अधिकारी’ असं लिहू नका.